खाडीत येणारे बीज कोठले?

पेरणीच्या हंगामात बियाण्याची पिशवी हाती घेतली की जाणता शेतकरी प्रथम तिच्यावरील चिठ्ठी वाचतो. जात कोणती, उगवणशक्ती किती, बियाणे कोणत्या हंगामाचे व कोठे तयार झालेले, हे पाहिल्यावाचून तो पैसे मोजीत नाही. ही सवय अंगी बाणण्यास अनेक वर्षांचा प्रचार कारणी लागला. तथापि कोकणातील शेतकऱ्याच्या बांधाशी दरवर्षी आणखी एक बीज येते, आणि त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी, जिताडा, खेकडे, कालवे, तिसऱ्या यांची सूक्ष्म पिले खाडीत शिरतात, खाजणात व कांदळवनात वाढतात आणि पुढे कोणाच्या तरी जाळ्यात किंवा तळ्यात जातात. ती कोठे जन्मली, किती दिवस प्रवास करून आली, पुढील वर्षी येतील की नाही, हे प्रश्न समुद्रशास्त्रज्ञांचे आहेत असे समजून गाव मोकळे होते.

ही समजूत सोडण्याची वेळ आली आहे. खाडीवर बंधारा घालावा की नाही, उघाडी केव्हा मिटावी, बीज गोळा करू द्यावे की नाही, बारीक आसाची जाळी कोठे लावू द्यावीत, हे निर्णय पुष्कळदा गावातच होतात, किंवा गावाच्या मागणीवरून होतात. बीज कोठून येते हे ठाऊक नसताना घेतलेला असा प्रत्येक निर्णय अंदाजावर घेतलेला असतो. म्हणून सागरी बीजाचा माग काढणे हे केवळ प्रयोगशाळेचे काम न राहता विस्तार-कार्याचा एक भाग व्हावे, असे सुचविणे अवाजवी होणार नाही.

डिंभ म्हणजे काय

शेतातील अळी आणि तिच्यापासून होणारे फुलपाखरू यांत रूपाचे साम्य नसते. कीड ओळखावयाची तर तिच्या सर्व अवस्था ओळखाव्या लागतात, हे कापूस पिकविणाऱ्यास सांगावयास नको. समुद्रातील बहुसंख्य प्राण्यांची रीत अशीच आहे. अंड्यातून बाहेर पडणारा जीव आईबापांसारखा दिसत नाही. त्या पहिल्या अवस्थेस डिंभ म्हणतात. डिंभ बहुधा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान व काचेसारखा पारदर्शक असतो आणि पाण्यात तरंगत राहतो. खेकड्याच्या डिंभास पाठीवर व डोक्यावर काटे असतात. त्यामुळे तो निराळाच प्राणी आहे असे विद्वानांनाही दीर्घकाळ वाटत असे. आयर्लंडमधील कॉर्क येथे राहणाऱ्या जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बारीक जाळ्याने हे जीव पकडून, पाळून व त्यांचे रूपांतर डोळ्यांनी पाहून त्यांचे खरे कूळ सिद्ध केले.

ज्या कालवास आयुष्यभर खडकाला चिकटून राहावयाचे, त्याचा डिंभही जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात हिंडतो. वाघी कोळंबीची एक मोठी मादी एका वेळी दोन ते आठ लाख अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले दहा-पंधरा दिवसांत कात टाकीत टाकीत अनेक रूपे पालटतात आणि मगच कोळंबीसारखी दिसू लागतात. या पंधरवड्यातच त्यांचे भवितव्य ठरते. अन्न मिळाले नाही तर ती मरतात. प्रवाहाने भलतीकडे नेले तरी मरतात. नॉर्वेच्या योहान योर्ट या शास्त्रज्ञाने 1914 साली हेच दोन मुद्दे पुढे मांडले. हेरिंग माशाची एकट्या 1904 सालची पिढी पुढे अनेक वर्षे नॉर्वेच्या जाळ्यांत भरून येत राहिली, तर अन्य सालांच्या पिढ्या नाममात्र होत्या, असे त्याला आढळले. भरघोस वर्ष आणि नापिकीचे वर्ष यांतील भेद मोठ्या माशांच्या संख्येवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक डिंभांच्या पहिल्या काही दिवसांवर अवलंबून असतो, हा त्याचा सिद्धान्त आजही पायाभूत मानला जातो.

माग काढण्याच्या रीती

समुद्रात पाऊलखुणा उमटत नाहीत. मग टाचणीच्या टोकाएवढ्या जीवाचा माग लागावा कसा? याचे पहिले थोर उदाहरण योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाचे आहे. ईल नावाचा सापासारखा लांब मासा युरोपच्या नद्यांतून सर्वत्र सापडत असे, परंतु त्याची अंडी कोणी पाहिली नव्हती. 1904 साली फॅरो बेटांच्या पश्चिमेस श्मिटच्या जाळ्यात ईलचा एक डिंभ आला. तो सुमारे 77 मिलिमीटर लांबीचा होता. श्मिटने साधा तर्क लढविला: जेथे डिंभ सर्वांत लहान, तेथे जन्मस्थान जवळ. पुढील सुमारे अठरा वर्षे त्याने अटलांटिक महासागरात ठिकठिकाणी जाळी ओढविली आणि व्यापारी जहाजांच्या कप्तानांनाही या कामास लावले. मिळालेल्या प्रत्येक डिंभाची लांबी मोजून त्याने नकाशावर नोंदविली. पश्चिमेकडे जावे तसतशी लांबी घटत गेली आणि अखेर सारगासो समुद्रात सर्वांत लहान डिंभ मिळाले. युरोपच्या ओढ्यांतील मासा हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या बाजूच्या समुद्रात जन्मतो, हे अशा प्रकारे पट्टी, जाळे व नोंदवही एवढ्या साधनांनी उघड झाले. मोठे ईल त्या समुद्रापर्यंत पोहत जातात याचा प्रत्यक्ष पुरावा, अंगावर संदेश-यंत्रे बसविलेल्या माशांपासून, 2022 साली मिळाला.

पुढील काळात साधने सूक्ष्म झाली. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुन्याचा एक लहान खडा असतो. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक कडी पडतात तशी या खड्यात दिवसागणिक कडी पडतात, हे 1971 साली पॅनेला या शास्त्रज्ञाने दाखविले. कडी मोजून माशाची जन्मतिथी सांगता येते, आणि निरनिराळ्या कड्यांतील द्रव्यांची तपासणी करून त्या त्या दिवशी तो गोड्या पाण्याजवळ होता की खुल्या समुद्रात, याचाही अंदाज बांधता येतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लिझर्ड बेटापाशी शास्त्रज्ञांनी याच खड्याचा उपयोग करून एक धाडसी प्रयोग केला. एका लहान माशाची एक कोटीहून अधिक अंडी त्यांनी टेट्रासायक्लिनच्या द्रावणाने चिन्हांकित केली; हे औषध खड्यात उतरते व विशिष्ट प्रकाशात चमकते. नंतर बेटावर परत आलेली सुमारे पाच हजार पिले तपासली, तेव्हा 15 पिलांच्या खड्यांत ती खूण सापडली. पंधरा हा आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु एकंदर अंड्यांपैकी किती थोड्यांवर खूण केली होती हे हिशेबात घेता, बेटावर येणाऱ्या पिलांपैकी 15 ते 60 टक्के पिले त्याच बेटाची असावीत असा निष्कर्ष निघाला. हा प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी सर्व डिंभ प्रवाहाबरोबर दूरदूर विखुरतात असाच सार्वत्रिक समज होता.

आता आनुवंशिक तपासणीने पिलाचे आईबापही ओळखता येतात. ऑस्ट्रेलियाच्याच केपल बेटांभोवतीच्या काही प्रवाळ-क्षेत्रांत मासेमारीस मनाई होती. ही क्षेत्रे तेथील एकूण प्रवाळ-क्षेत्राच्या 28 टक्के होती. परंतु सुमारे 30 किलोमीटरच्या परिसरात स्थिरावलेल्या दोन जातींच्या पिलांपैकी जवळजवळ निम्मी या राखीव क्षेत्रांतील माशांची संतती होती, आणि त्यांतील पुष्कळशी मासेमारीस खुल्या असलेल्या क्षेत्रांत जाऊन वसली होती. हे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. राखीव क्षेत्राचा लाभ शेजाऱ्यास मिळतो, हे वाक्य तोपर्यंत आशेने बोलले जात होते; या तपासणीने त्याला मोजमापाचा आधार मिळाला.

आणखी एक गोष्ट या अभ्यासांतून स्पष्ट झाली आहे. डिंभ म्हणजे पाण्यावर वाहणारा केरकचरा नव्हे. तो खोलवर जातो, वर येतो, वासाने व आवाजाने जागा ओळखतो. कोळंबीची पिले भरतीच्या वेळी पाण्यात वर येऊन खाडीत शिरतात व ओहोटी लागली की तळाशी बसून राहतात. अशा रीतीने वाहत्या पाण्याचाच उपयोग करून ती पावलापावलाने आत सरकतात. कालवाचा डिंभ जेथे जुनी कालवे आहेत तेथेच चिकटणे पसंत करतो. एखाद्या खडकावरील सर्व कालवे खरवडून नेली की तेथे नवी कालवे बसण्याचे प्रमाणही घटते, यामागे हे कारण आहे.

कोकणातील परिस्थिती

पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह वर्षातून दोनदा दिशा पालटतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्याने दक्षिणेकडे जाते. हिवाळ्यात ते उत्तरेकडे वाहते. शिवाय पृष्ठभागाखाली काही खोलीवर उलट दिशेचा प्रवाह असतो. एकाच जागी आषाढात घातलेली अंडी आणि मार्गशीर्षात घातलेली अंडी यांचा प्रवास त्यामुळे परस्परविरुद्ध दिशांना होऊ शकतो. पिले पाण्याच्या कोणत्या थरात राहतात यावरही दिशा अवलंबून असते. रत्नागिरीच्या खाडीत येणारे बीज एका हंगामात उत्तरेकडचे तर दुसऱ्या हंगामात दक्षिणेकडचे असण्याची शक्यता यातून निघते. जिल्ह्याची सीमा, राज्याची सीमा किंवा दोन गावांतील जुन्या हद्दीचा तंटा या बीजास ठाऊक नसतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जिताडा हे सर्वांत जवळचे उदाहरण होय. अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात भातशेतीलगतच्या तळ्यांतून जिताडा वाढविण्याची जुनी प्रथा आहे. तळ्यातील या माशाचा जन्म तळ्यात होत नाही. त्याची अंडी खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात पडतात आणि पिले पावसाळी भरतीबरोबर आत येतात. या माशाचा आणखी एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे: जिताडा आरंभी नर असतो व काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे ते बहुधा माद्याच. खाडीच्या तोंडाशी मोठाल्या जिताड्यांची सरसकट धरपकड झाली तर बीज देणाऱ्या माद्याच नाहीशा होतात. आणि खाडीत आलेली पिले उचलून तळ्यात कोंडली तर त्यांना पुन्हा समुद्राकडे जाऊन अंडी घालण्याची संधी मिळत नाही. दोन्ही टोकांनी खर्च होणाऱ्या या कोठाराचा हिशेब कोणीही ठेवीत नाही. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 साली जिताड्याचे बीज नियंत्रित रीतीने निर्माण केले, आणि तेव्हापासून बीज-केंद्रांतून पुरवठ्याचा मार्ग खुला आहे. तळ्यासाठी असे बीज घेणे हा खर्च नसून खाडीतील कोठारास दिलेली विश्रांती होय.

कोळंबीचा प्रवास उलटसुलट आहे. ती समुद्रात जन्मते, खाडीत वाढते व प्रजननासाठी पुन्हा समुद्रात जाते. केरळातील पोक्काळी शेतीने या प्रवासाशी जमवून घेतले आहे. तेथे पावसाळ्यात क्षार सोसणारे भात पिकवितात. कापणीनंतर साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत भरतीचे पाणी शेतात घेऊन त्याबरोबर आलेले कोळंबीचे बीज वाढवितात. पुढील पावसाने जमिनीतील क्षार धुऊन जातात. गोव्यातील खाजणांतही बांध, दरवाजे व मासे यांची अशीच सांगड गावसंस्थांनी पूर्वापार घातली होती. कोकणातील खारबंधाऱ्यांचा विचार मात्र बहुतांशी केवळ खारे पाणी अडविण्यापुरताच झाला. पाणी अडविणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु पाण्याबरोबर काय अडते, याचीही नोंद व्हावयास हवी.

दोन गैरसमज

या विषयावर गावांतून दोन प्रकारचे युक्तिवाद ऐकू येतात. पहिला असा: बीज जर दुरून येत असेल, तर येथे खाडी राखून उपयोग काय? राखणारे एकीकडे आणि बीज देणारे दुसरीकडे! दुसरा याच्या उलट: आमच्या खाडीत जे येते ते आमचेच, ते केव्हा व किती धरावे हे इतरांनी सांगू नये.

पहिल्या युक्तिवादाचे उत्तर लिझर्ड बेटाच्या प्रयोगात आहे. बीजाचा मोठा भाग घरचाच असू शकतो. शिवाय जे बीज दुरून येते त्यालाही वाढण्यास जागा लागते. कांदळवन तोडले, उघाडी कायमची बुजविली, ओढ्यातून कीटकनाशकांचे पाणी सोडले, तर दुरून आलेला पाहुणा दाराशीच मरतो. कोळंबी व खेकडा हे संधिपाद प्राणी कीटकांचेच दूरचे नातेवाईक आहेत. जे औषध भातावरील किडीला मारते ते कोळंबीच्या कोवळ्या पिलांनाही घातक ठरते, हे फवारणीचा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने विसरता कामा नये. पाऊस तोंडावर असताना किंवा खाचरातील पाणी खाडीत सोडण्याच्या आदल्या दिवशी फवारणी केली तर औषधाचा पैसा वाया जातो आणि त्याबरोबर मासळीचेही नुकसान होते.

दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर केपल बेटांनी दिले आहे. एका जागी राखलेल्या माशांची संतती दुसऱ्या जागी वसते. आज ज्याच्या खाडीत बीज आले, तो कोणत्या तरी अज्ञात शेजाऱ्याचा ऋणी असतो. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या गावाने सर्व पाणी अडविले तर खालच्या गावाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न शेतकऱ्यास नवा नाही. पाणी डोळ्यांना दिसते म्हणून त्याच्या वाटपाचे नियम झाले. बीज दिसत नाही म्हणून त्याचे झाले नाहीत, एवढाच फरक.

मुंबईच्या समुद्रातील चपट्या शेवंडीचा इतिहास येथे स्मरण्याजोगा आहे. यांत्रिक ट्रॉल जाळ्यांत ती विपुल मिळत असे. निर्यातीस भाव चांगला होता. अंडी बाळगणाऱ्या माद्याही सर्रास पकडल्या गेल्या. 1994 च्या सुमारास ही मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. बीज दुसरीकडून येईल या भरवशावर आईबाप संपविले की काय घडते, याचा हा घरचाच दाखला आहे.

राखण करणाऱ्याचा वाटा

खरा अवघड प्रश्न न्यायाचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारमानही ठरवून दिले. हे नियम योग्य दिशेचे आहेत. परंतु लहान डोल जाळ्यावर पोट असलेल्या कुटुंबास एक हंगाम हातचा गेला तर भागत नाही. त्याने सोडलेले पिलू खाडीतून बाहेर पडून वाढते आणि दूरवर मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यात जाते. खर्च एकाचा व प्राप्ती दुसऱ्याची, अशी स्थिती असता केवळ उपदेशाने नियम पाळले जाणार नाहीत. आज जो कोळी किंवा खारेपाटातील शेतकरी नियमांविषयी कुरकुर करतो, त्याला अडाणी ठरविणे सोपे आहे. त्याच्या कुरकुरीत व्यवहाराचे सत्य आहे हे मान्य करणे अधिक उचित.

बीजाचा माग काढण्याचे महत्त्व येथे शास्त्रापलीकडे जाते. कोणत्या खाडीत किती पिले वाढतात आणि ती पुढे कोठे जातात हे मोजून सांगता आले, तर राखण करणाऱ्या गावास त्याचा वाटा देण्यास आधार मिळतो. कांदळवन असलेल्या गावांत खेकडापालन, कालवपालन यांसारख्या व्यवसायांस साहाय्य देणारी योजना महाराष्ट्र शासनाने 2017 साली सुरू केली, ती याच विचाराची पहिली पायरी मानता येईल. पुढील पायरी अशी असावी की, साहाय्याचे प्रमाण कांदळवनाच्या क्षेत्राबरोबरच तेथे वाढणाऱ्या बीजाच्या मोजणीशीही जोडले जावे. तसेच मनाईची क्षेत्रे ठरविताना, जेथे विरोध कमी तेथे रेघ ओढण्याऐवजी, जेथून अनेक खाड्यांना बीज जाते ती जागा प्रथम निवडावी. अशी जागा निवडल्याने ज्या गावाचे उत्पन्न बुडेल, त्याची भरपाई लाभ घेणाऱ्या सर्वांच्या वतीने व्हावी. बीजाचा माग न घेता ओढलेली मनाईची रेघ नकाशावर शोभते. समुद्रात तिचे फळ मिळेलच असे नाही.

यावर आक्षेप येईल की, आनुवंशिक तपासण्या महाग आहेत व त्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत वर्षे लोटतील. आक्षेप खरा आहे. परंतु सर्व काम महाग नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवंडीचे डिंभ किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर जाऊन नऊ ते अकरा महिन्यांनी परततात. तेथे 1968 पासून, समुद्रशेवाळासारखे दिसणारे साधे झुबके पाण्यात टांगून, त्यांवर येऊन बसणारी पिले दर चांद्रमासाला एकदा मोजली जातात. एवढ्या मोजणीवरून तीन-चार वर्षांनंतरच्या मासेमारीचा अंदाज वर्तविता येतो. 2008-09 च्या हंगामात पिलांची संख्या फार घटली, तेव्हा मोठी शेवंड अद्याप मुबलक मिळत असतानाच तेथील सरकारने मासेमारी कमी केली. संकट दिसण्यापूर्वी उपाय झाला, तो एका नोंदवहीमुळे.

ग्राम-कार्यकर्त्यांनी काय करावे

असे काम कोकणातील प्रत्येक खाडीवर होऊ शकेल. कोळी व खारेपाटातील शेतकरी तिथीवरून उधाण व भांग ओळखतात. हे ज्ञान पुस्तकातील नव्हे, रोजच्या व्यवहारातील आहे. ग्राम-कार्यकर्त्याने त्यांच्याच साहाय्याने, ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिथीला, भरतीच्या ठरलेल्या वेळी, एकाच मापाच्या बारीक जाळ्याने ठरावीक वेळ पाणी गाळावे. पांढऱ्या थाळीत पिले घेऊन मोजावी व परत सोडावी. तिथी, वेळ, पाऊस, वारा, पाण्याचा रंग व खारेपणा, पिलांची संख्या व लांबी यांची नोंद ठेवावी. एका महिन्याच्या नोंदीस मोल नाही, पाच वर्षांच्या नोंदीस फार आहे. जागा व जाळे मध्येच बदलले तर सर्व श्रम फुकट जातात, कारण मग दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

ओळख न पटणारी थोडी पिले बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावी. फॉर्मॅलिन वापरू नये. त्याने आनुवंशिक तपासणीस बाधा येते. जागा व तारीख लिहिलेली कागदाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच टाकावी. शाई पुसली जाते आणि बाहेरची चिठ्ठी गळून पडते. असे नमुने रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेस दाखवून नावे निश्चित करून घ्यावी. शाळेतील मुलांना भिंगातून एकदा हे डिंभ दाखविले तर पुढील पिढीस उपदेशाची गरज कमी पडेल.

उघाडीच्या बाबतीत घाई करू नये. भात उभे असताना, किंवा कापणीनंतर वाल वा हरभरा घेतला जातो तेथे, अथवा गोड्या पाण्याच्या विहिरी जवळ असताना खारे पाणी आत घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. परंतु जी खारजमीन कापणीनंतर पडीक राहते आणि जेथे क्षार पुढील पावसात धुऊन निघतात, तेथे खारभूमी खात्याच्या संमतीने एखाद्या खाचरात प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती व जमिनीची तपासणी यांविषयी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. प्रयोगाचे वर्ष ठरविताना मोजणीची नोंदवही समोर असावी. ज्या महिन्यात बीज येतच नाही त्या महिन्यात पाणी आत घेऊन केवळ मीठच पदरी पडेल.

रानातील बीज गोळा करण्याविषयीही गावाने स्वतः निर्णय घ्यावा. सुंदरबनात वाघी कोळंबीचे बीज वेचताना त्याबरोबर जाळ्यात आलेली इतर जातींची असंख्य पिले काठावर टाकून दिली जात. बांगलादेशाने 2000 साली अशा वेचणीवर बंदी घातली. बंदीचा हुकूम निघाला तरी वेचणाऱ्या गरीब कुटुंबांना दुसरे काम मिळावे लागते, हेही त्या अनुभवाने शिकविले. कोकणात हा व्यवसाय तितका वाढलेला नाही, तोवरच त्याला शिस्त लावणे सोपे आहे.

नोंदीचे हे काम आरंभी कंटाळवाणे वाटेल. पहिल्या वर्षाचे आकडे काहीच सांगणार नाहीत आणि गावात थट्टाही होईल. परंतु पर्जन्यमापकाच्या नोंदींचीही एके काळी अशीच थट्टा झाली असेल. आज पीक विम्यापासून टंचाईच्या कामांपर्यंत त्या आकड्यांवाचून पान हलत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खाडीकाठच्या गावाने एक जागा निश्चित करावी, एक जाळे शिवून घ्यावे आणि पहिल्या उधाणाच्या भरतीला पहिली नोंद करावी.